जोडधंदा : लग्नाच्या फोटोंसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?



या सदरात आपण आजवर भाताचे बियाणे, वालाची पेरणी, शेळ्या, परसातल्या कोंबड्या अशा विषयांवर बोलत आलो. आज कॅमेऱ्याविषयी बोलायचे आहे. शेतीखात्याच्या माणसाचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण नेरळहून कळंबकडे जाताना लागणारे पोशीर घ्या, की कर्जत-खालापुरातले दुसरे कोणतेही गाव घ्या, बांधावर उभे राहून भाताबद्दल बोलता बोलता घरधनी हळूच विचारतात, "साहेब, पोरगा लग्नाचे फोटो काढायचा धंदा करतो म्हणतोय. कॅमेरा दोन लाखांचा सांगतोय. घेऊन द्यावा का?" एका घरी तर गोष्ट याच्याही पुढे गेली होती. रस्त्याकडेची पाच गुंठे विकायची की पीक कर्ज उचलून कॅमेरा आणायचा, एवढाच निर्णय व्हायचा बाकी होता. जमिनीचा प्रश्न आला म्हणजे तो आपल्या सदराचा विषय झालाच.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. हा धंदा वाईट नाही. उलट भातशेती करणाऱ्या घराला तो चांगला बसतो. आपल्याकडे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, लग्ने होत नाहीत. नेमकी याच काळात आपली आवणी, बेणणी आणि कापणी असते. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात आणि तोवर भात खळ्यावर आलेले असते. मधला पौष सोडला तर पावसाच्या तोंडापर्यंत हंगाम चालतो. शेतीचे आणि या धंद्याचे हात एकमेकांत अडकत नाहीत, असे जोडधंदे थोडेच आहेत. शिवाय कर्जत-नेरळ भागात मुंबईकरांची रिसॉर्टे आणि फार्महाऊसे झाल्याने बाहेरची लग्नेही आपल्या दारात येऊ लागली आहेत.

पण धंदा चांगला म्हणून अवजार कोणतेही चालेल, असे होत नाही. नांगराला बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चाल बघतो, आपली जमीन भारी की हलकी याचा विचार करतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र मुलगा मोबाईलवर जाहिरात बघतो आणि बाप किंमत ऐकून गप्प बसतो. म्हणून आज बापाने काय विचारावे आणि मुलाने काय उत्तर द्यावे, ते क्रमाने पाहू.

आधी काम बघा, मग अवजार

आपल्याकडच्या लग्नात फोटोग्राफरचे खरे काम कुठे असते? पहिले काम हळदीच्या रात्रीचे. मांडवात एका कोपऱ्यात हॅलोजन, दुसरीकडे रंगीत एलईडी माळा, मध्येच डीजेचे फिरणारे दिवे. बायका नवरीला हळद लावताहेत, कुठे धवलारीण धवळे म्हणते आहे, आणि सगळे एकमेकांना खेटून उभे. दुसरे काम घरातले. देवक, चुडा, नवरीची तयारी, आणि खिडकी एकच. तिसरे काम भर दुपारच्या मुहूर्ताचे. मांडवाच्या रंगीत कापडातून उजेड गाळून येतो आणि सगळ्यांचे चेहरे लाल किंवा पिवळे दिसतात. चौथे वरातीचे. रात्र, नाच, धूळ आणि फटाके.

म्हणजे चार कामांपैकी तीन कमी उजेडाची आहेत, आणि चारही कामांत माणसे हलती आहेत. दुकानाच्या काउंटरवर पांढऱ्या ट्यूबलाईटखाली सगळेच कॅमेरे सुंदर फोटो काढतात. आपल्याला हळदीच्या मांडवातला कॅमेरा हवा आहे. पुढचे सगळे यावरून ठरते.

दोन इंची पाईप आणि एक इंची पाईप

कॅमेऱ्यात उजेड कसा शिरतो, हे शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. वाफ्यात किती पाणी आले ते दोन गोष्टींवर ठरते: पाईप किती रुंद आणि मोटर किती वेळ चालू. कॅमेऱ्यात पाईपच्या जागी भिंगाचे तोंड असते आणि मोटरच्या वेळेच्या जागी पडदा उघडा राहण्याचा वेळ, ज्याला शटर म्हणतात.

लग्नात पडदा जास्त वेळ उघडा ठेवता येत नाही. माणूस हलला की फोटो पुसट होतो. हळद लावणारा हात नीट यायला सेकंदाचा सव्वाशेवा भाग तरी धरावा लागतो. मग उरते भिंगाचे तोंड. ते 'एफ' या अक्षरापुढच्या आकड्याने सांगतात आणि इथे हिशेब उलटा आहे. आकडा लहान, तर तोंड मोठे. कॅमेऱ्याबरोबर स्वस्तात मिळणारे साधे झूम भिंग पुढे ओढले की एफ ५.६ वर येते. चांगले भिंग एफ २.८ चे असते. ५.६ पेक्षा २.८ ला तोंडाची रुंदी दुप्पट होते, म्हणून उजेड चौपट येतो. एक इंची पाईपच्या जागी दोन इंची पाईप लावला की तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते, तसेच हे.

उजेड कमी पडला की कॅमेरा आयएसओ नावाचा आकडा वाढवतो. म्हणजे आत आलेला थोडा उजेड वाढवून दाखवतो. याला मी वरखताची उपमा देतो. पाणी कमी आणि युरियाचा मारा, पीक हिरवे दिसते पण दाणा भरत नाही. आयएसओ फार वाढला की चेहऱ्यावर रवाळ दाणे दिसू लागतात आणि हळदीचा पिवळा रंग मातकट होतो. ज्या मांडवात एफ २.८ चे भिंग आयएसओ ३२०० वर काम करते, त्याच मांडवात एफ ५.६ च्या भिंगाला आयएसओ १२८०० लागतो. फरक दोन्ही फोटो शेजारी ठेवले की नवरीची आजीसुद्धा सांगेल.

यावरून पहिला नियम निघतो. पैसे आधी भिंगात घाला, मग कॅमेऱ्याच्या शरीरात. दोन लाखांपैकी पावणेदोन लाखांचा नवाकोरा कॅमेरा आणि उरलेल्या पैशात साधे भिंग, ही खरेदी म्हणजे मोठ्या मोटरला बारीक पाईप लावणे होय. चांगले भिंग नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षे चालते. कॅमेऱ्याचे शरीर त्याआधीच बदलावे लागते.

शरीर घेताना चार गोष्टी

पहिली गोष्ट आतल्या पाटीची, म्हणजे सेन्सरची. जिच्यावर उजेड पडून फोटो तयार होतो ती ही पाटी. 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यात ती ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. शिकाऊ कॅमेऱ्यांत बहुधा सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरची किंवा त्याहून किंचित लहान असते. क्षेत्रफळ काढले तर मोठी पाटी दुपटीहून मोठी आहे. पावसाचे पाणी धरायला परात आणि ताटली ठेवली तर परातीत जास्त साठेल, तसा मोठ्या पाटीवर उजेड जास्त जमतो. धंद्यासाठी शक्यतो फुल फ्रेम घ्यावा. मेगापिक्सलच्या मागे लागू नये. वीस ते चोवीस मेगापिक्सल मोठ्या अल्बमाला पुरतात.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. कॅमेऱ्यात मेमरी कार्डाची दोन घरे हवीत. दोन घरे असली की एकच फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी उतरवता येतो, आणि एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर फोटो राहतो. बियाणे उगवले नाही तर दुबार पेरणी करता येते. मंगलाष्टके दुसऱ्यांदा म्हणता येत नाहीत, आणि त्या फोटोत असलेले आजोबा पुढल्या वर्षी असतीलच असे नाही. एका बापाने आयुष्याची कमाई घालून केलेले लग्न आपल्या अंगठ्याएवढ्या कार्डात असते. म्हणून एका घराचा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी धंद्याला घेऊ नये. नावेच सांगायची तर कॅननचा ६डी मार्क २, ईओएस आरपी आणि आर८, तसेच निकॉनचा पहिला झेड ६ (२०१८) यांत कार्डाचे घर एकच आहे. उलट निकॉनचा डी७५० (२०१४), झेड ५ (२०२०) आणि झेड ६ २ (२०२०), कॅननचा ५डी मार्क ४ (२०१६) आणि आर६ (२०२०), सोनीचा ए७ ३ (२०१८) यांत दोन घरे आहेत. झेड ५ हा कमी किमतीच्या फुल फ्रेम गटात निघालेला कॅमेरा आहे, तरी त्यात दोन घरे दिली आहेत. म्हणजे ही सोय फक्त महागड्या मालातच मिळते असे नाही.

तिसरी गोष्ट डीएसएलआर की मिररलेस. डीएसएलआरमध्ये आत आरसा असतो, मिररलेसमध्ये नसतो. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. त्यांची पुढची वाट मिररलेसचीच आहे. मिररलेस माणसाचा डोळा शोधून त्यावर नेम धरतो, त्यामुळे नाचणाऱ्या करवल्यांचे फोटो नवशिक्यालाही जमतात. पण वापरलेला चांगला डीएसएलआर आज कमी पैशात मिळतो आणि त्याची बॅटरी जास्त टिकते. डी७५० एका बॅटरीवर कंपनीच्या मोजणीने बाराशेच्या वर फोटो काढतो, तर झेड ५ चारशे-पाचशेच्या आसपास. हळदीच्या रात्री वीज गेली तर बॅटरी भरायची कुठे? मिररलेस घेणाऱ्याने तीन बॅटऱ्या धरूनच हिशेब करावा. हात बसेपर्यंत आणि पैसे जमेपर्यंत जुना डीएसएलआर वापरण्यात कमीपणा नाही. मात्र त्याची भिंगे घेताना पुढचे बघावे. कॅननची ईएफ भिंगे कंपनीच्या जोडणीने नव्या आर कॅमेऱ्यांवर चांगली चालतात. निकॉनच्या बाबतीत ज्या भिंगात स्वतःची मोटर आहे तीच झेड कॅमेऱ्यावर आपोआप नेम धरतात.

चौथी गोष्ट एलईडी दिव्यांची. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. मिररलेसमध्ये आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर असतो. त्याने मांडवात फोटो काढले तर हे पट्टे हमखास येतात. तिथे साधा यांत्रिक शटरच वापरावा आणि अँटी-फ्लिकर सोय असेल तर ती चालू ठेवावी. तरीही पट्टे आले तर वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणून बघावी.

जुना कॅमेरा घेताना दात मोजा

बैलाचे वय दातांवरून कळते. कॅमेऱ्याचे वय शटर किती वेळा पडला यावरून कळते. डी७५० चा शटर कंपनीने दीड लाख वेळा तपासलेला आहे, ए७ ३ चा दोन लाख वेळा. आता हिशेब करा. हळद आणि लग्न मिळून तीन हजार फोटो धरले आणि वर्षाला वीस लग्ने धरली, तर वर्षात साठ हजार वेळा शटर पडतो. एक लाख पडलेला डी७५० घेतला तर उरलेले आयुष्य वर्षभराचेच समजावे. त्यापुढे शटर लगेच मोडतो असे नाही, पण बदलण्याचा खर्च मनात धरून किंमत ठरवावी. विकणारा हा आकडा सांगत नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवल्याशिवाय घेऊ नये.

भिंग हातात आले की मागून मोबाईलची बॅटरी मारून आरपार बघावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. असे भिंग फुकट दिले तरी नको. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यावर काळे डाग आहेत का बघावे. दोन्ही घरांत कार्डे घालून दोन्हींवर फोटो उतरतो का, फ्लॅश लावून तो पेटतो का, हेही तपासावे. आणि पक्के बिल घ्यावे. त्यावर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहिलेला असावा. बिलाविना माल चोरीचाही असू शकतो. नवीन घेत असाल तर भारतातील वॉरंटीचे कार्ड मागून घ्या.

खरेदीला मुंबईत जायचे तर कर्जत लोकलने सीएसएमटीला उतरावे. स्टेशनापासून जवळच बोरा बझार भागात फोटोच्या सामानाची दुकाने आहेत. एका दुकानात भाव ऐकून लगेच पैसे काढू नयेत. आठवड्याच्या बाजारात आपण मिरचीसुद्धा तीन ठिकाणी विचारतो.

भिंग आणि फ्लॅश

सुरुवात पन्नास मिलिमीटर, एफ १.८ च्या भिंगाने करावी. ते सगळ्यांत स्वस्त असून कमी उजेडात उत्तम काम देते. त्याला झूम नसते, फोटो काढणाऱ्याला पुढेमागे चालावे लागते. शिकणाऱ्याला ते चांगलेच. त्यानंतर लग्नाचे खरे घोडे म्हणजे २४ ते ७० किंवा २८ ते ७५ मिलिमीटरचे, एफ २.८ चे झूम. टॅमरॉन, सिग्मा अशा कंपन्यांची भिंगे कॅमेरा कंपनीच्या भिंगांपेक्षा कमी किमतीत मिळतात आणि धंद्याला पुरतात. घेताना ते आपल्या कॅमेऱ्याच्या तोंडाला बसणारे आहे ना, एवढे बघावे. दूरचे ७० ते २०० चे भिंग जड आणि महाग असते. ते पहिल्या वर्षी घेऊ नये.

फ्लॅश एक हवाच. घरात तो छताकडे वळवून मारावा म्हणजे उजेड वरून मऊ उतरतो. उघड्या मांडवात छत नसते. तिथे बांबूला दुसरा फ्लॅश बांधून तारेविना पेटवता येतो. थेट चेहऱ्यावर मारलेल्या फ्लॅशमध्ये हळद लावलेली नवरी तेलकट दिसते, आणि ते फोटो तिला आयुष्यभर बघायचे असतात.

ड्रोनचाही हट्ट हल्ली धरला जातो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. पहिल्या दोन हंगामांत या नादी न लागणेच बरे.

हप्ता बारा महिन्यांचा, हंगाम सातांचा

आता मुख्य प्रश्न पैशांचा. समजा दोन लाखांचे सामान बारा टक्के व्याजाने तीन वर्षांच्या कर्जावर घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे ६,६५० रुपये बसतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ ८०,०००. वर्षाला वीस लग्ने मिळाली तर प्रत्येक लग्नामागे ४,००० रुपये नुसते हप्त्याचे गेले. दहाच मिळाली तर ८,००० गेले. अल्बम, मदतनीस, पेट्रोल आणि फोटो निवडून सुधारण्यात गेलेल्या रात्री वेगळ्या. नव्या मुलाला पहिल्या वर्षी वीस लग्ने कोण देणार, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी मिळून स्वतःला विचारावा.

आणि हप्ता आषाढातही येतो, श्रावणातही येतो. लग्न नाही आणि भातही अजून शेतात, अशा दिवसांत येतो. अधिक महिना आला की हंगाम आणखी आखडतो. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. एरवी लग्नांच्या गर्दीचे ते दिवस. पंचांग न बघता घेतलेले कर्ज म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

म्हणून पहिला हंगाम भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढावा. मुंबई, ठाणे, कल्याणकडे चांगले कॅमेरे आणि भिंगे दिवसाच्या भाड्याने मिळतात. समजा एका लग्नाचे दोन दिवसांचे भाडे ३,००० रुपये पडले, तर आठ लग्नांचे २४,००० होतील. काम नसेल त्या महिन्यात खर्च शून्य. वीस गुंठ्यांच्या चिखलणीसाठी कोणी पॉवर टिलर विकत घेत नाही, भाड्याने आणतो. वर्षाचे भाडे हप्त्याच्या जवळ येऊ लागले की मग विकत घेण्याची वेळ झाली असे समजावे. भाड्याचा दुसरा फायदा असा, की दोन-तीन कंपन्यांचे कॅमेरे हातात घेऊन खऱ्या मांडवात बघता येतात. मुलाने पहिले वर्ष एखाद्या जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली जावे. पैसे कमी मिळतील, पण मुहूर्ताच्या वेळी कुठे उभे राहायचे हे कोणतीही जाहिरात शिकवत नाही.

पीक कर्जाला हात लावू नका. ते पिकासाठी असते. वेळेवर फेडणाऱ्याला त्यावर व्याजात सवलत मिळते. पैसे कॅमेऱ्यात अडकले आणि मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामात बियाणे-खताला उसनवारी करावी लागते. धंद्यासाठी धंद्याचेच कर्ज मागावे. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत (२०१५ पासून) ५०,००० रुपयांपर्यंत शिशु आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर गटात कर्ज मिळते. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नयेत. रोजगार निर्मितीच्या इतर योजनांची चौकशी अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

राहिली पाच गुंठ्यांची गोष्ट. कॅमेरा पाच वर्षांत जुना होतो. जमीन जुनी होत नाही आणि गेलेली परत येत नाही. कॅमेऱ्यासाठी जमीन विकू नये, एवढेच नाही तर ती विकायचा विषयसुद्धा मुलाच्या डोक्यात घालू नये. जो मुलगा एक हंगाम भाड्याच्या कॅमेऱ्यावर घाम गाळून त्यातले थोडे पैसे बाजूला काढून दाखवतो, त्याला उरलेली रक्कम घरातून द्यायला हरकत नाही. जो "आधी कॅमेरा, मग काम" म्हणतो, त्याला थोडे थांबवावे.

कोकणातला पावसाळा आणि भिंगाची बुरशी

कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भाताला तो वरदान, भिंगाला शाप. साध्या पोत्यातल्या भाताच्या बियाण्यात ओलावा १३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, हे आपण जाणतो. भिंगाचेही तसेच आहे. हवेतला दमटपणा बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिला की काचेवर बुरशी धरते. कपाटात, कापडी पिशवीत कॅमेरा ठेवून आवणीला गेलेला मुलगा दसऱ्याला पिशवी उघडतो तेव्हा हजारोंचे भिंग वाया गेलेले असते.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा, रबरी कड असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा मोजणारे छोटे यंत्र ठेवावे. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असावा. जेलचा रंग बदलला की ते स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात मंद आचेवर तापवून कोरडे करावे. पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून चालवून बघावा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा उपाय काही जण सांगतात, तो करू नये. तांदळाची भुकटी आत शिरते. हळदीच्या रात्री कॅमेऱ्याला प्लॅस्टिकचे आवरण घालावे आणि मांडवात भिंग बदलू नये. हळदीची पूड आत गेली की ती काढायला कारागीर लागतो.

दुसऱ्याच्या घरचे लग्न

शेवटी, कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची असलेली शिस्त. कच्च्या स्वरूपात फोटो काढले तर चोवीस मेगापिक्सलचा एक फोटो साधारण तीस मेगाबाईटचा धरावा. दोन हजार फोटोंना साठ गिगाबाईट लागतात. तेव्हा १२८ गिगाबाईटची चांगल्या कंपनीची कार्डे घ्यावीत. लग्नाहून आल्यावर झोपण्याआधी फोटो संगणकात उतरवावेत. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क दुसऱ्या घरात ठेवावी. अल्बम यजमानाच्या हातात पडेपर्यंत कार्डे पुसू नयेत.

एकट्याने लग्न घेतले तर पिशवीत दुसरा कॅमेरा हवा, मग तो भाड्याचा किंवा मित्राचा असला तरी चालेल. आगाऊ रक्कम किती, फोटो किती, अल्बम केव्हा, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. गावकीतले काम आहे, लिहायचे काय, असे म्हणू नये. गावकीत भांडण झाले तर ते पिढ्यान्‌पिढ्या चालते.

आणखी एक कायद्याची गोष्ट. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. नवरीचे फोटो आपल्या जाहिरातीसाठी मोबाईलवर टाकायचे तर त्या घरची परवानगी लेखी घ्यावी. कायदा राहू द्या, लेकीबाळींच्या फोटोंची ही साधी लाज आहे.

लेकीबाळींवरून आठवले. नवरीची तयारी आणि बायकांची हळद यांचे फोटो काढायला मुलगी असेल तर घरच्या बायका मोकळ्या होतात. तेव्हा "पोरगा म्हणतोय" एवढेच ऐकू नका. घरातल्या मुलीला हौस आणि नजर असेल तर तिच्या हातात भाड्याचा कॅमेरा देऊन बघा. वजन किलो-दीड किलोचे आहे. हंडा-कळशी डोक्यावर घेणाऱ्या मुलीला ते जड नाही.

थोडक्यात लक्षात ठेवायचे ते असे : एक हंगाम भाड्यावर आणि हाताखाली, मग दोन कार्डांचा, फुल फ्रेमचा, तपासून घेतलेला जुना कॅमेरा, पन्नासचे एफ १.८ भिंग आणि एक फ्लॅश. त्याच्या कमाईतून एफ २.८ चे झूम. आणि त्यानंतर नवीन कॅमेरा. जमीन आणि पीक कर्ज यांना यातल्या कोणत्याही पायरीवर हात नाही. भात जसे रोपातून आवणीला आणि आवणीतून लोंबीला येते, तसाच हा धंदा पायरीपायरीने वाढू द्यावा.

घरात या विषयावर बोलणे निघेल तेव्हा हा लेख बापलेकांनी एकत्र वाचावा. मुलाने एका वहीत गावातली आणि नात्यातली येत्या हंगामात ठरलेली लग्ने लिहून काढावीत. त्यांपुढे कोणती आपल्याला नक्की मिळतील त्यावर खूण करावी. त्या खुणा मोजल्या की कॅमेरा आज घ्यायचा की पुढल्या वर्षी, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

पुढील लेखात उन्हाळी भाताच्या रोपवाटिकेविषयी बोलू.